नायलॉनचं पातळ

रावेतच्या मैत्रिणीनं पुनमच्या मोबाईलवर यादी धाडली होती. थीम पार्कला दोन दिवस जायचं तर काय काय न्यावं, त्याचे एकतीस नग. पुनम दिवाणावर तीन बॅगा उघड्या टाकून यादी वाचत होती, आणि तिची सासू, महाळुंग्याची कुसुमताई, खाली लसूण सोलत बसून एकेका नगाचा निकाल लावत होती.

"मानेची उशी."

"का? मान मोडलीय का कुणाची?"

"गाडीत झोप लागली तर, आत्या."

"दोन तासाचा रस्ता. तेवढ्यात झोपणाऱ्यानं घरीच झोपावं."

"ओले कागद. तोंड पुसायला."

"पाण्यात खेळाय चाललाय, आन् तोंड पुसायला कागद?"

"हातातला पंखा."

यावर कुसुमताईनं नुसतं नाकातून 'हुं' केलं. काही वस्तूंवर शब्द खर्चायचंही तिच्या जिवावर यायचं.

बाई चौसष्टीची. अंगानं वाळलेली, पण जिभेला अजून सुरकुती नव्हती. सासरची जमीन कंपन्यांत गेली, त्या पैशातून तीन मजली इमारत उठली, खोल्याखोल्यांत भाडेकरू आले. कुसुमताई खालच्या पायरीवर बसून सगळ्यांना नावं ठेवायची. शिफ्टवरून येऊन दारातच बूट काढणारे बावळट, मोबाईलवर जेवण मागवणारे आळशी, आणि जिन्यात उभं राहून गावाकडच्या बायकोशी गोड बोलणारे तर महाबावळट. पोटचा पोरगा रणजीतही यातून सुटला नव्हता. रणजीतचा धंदा पाण्याच्या टँकरचा. गळ्यात साखळी, दारात पांढरी गाडी, आणि आयुष्यात कधी कमरेच्या वर पाण्यात उतरला नाही.

"पाणी इकून खातो," ती म्हणायची, "आन् पाण्याला भेतो."

ती स्वतः सातव्या वर्षी भोपळ्याची सांगड बांधून विहिरीत पडलेली. सासरीही मळ्यात विहीर होती. भर दुपारी, बाप्ये जेवायला गेले की ती काठावरून सूर मारायची. त्या विहिरीवर आता एका कंपनीचं पार्किंग आहे. तीस वर्षं झाली, अंग बादलीतल्या पाण्यानंच भिजतंय.

म्हणून पार्कला यायला ती एका शब्दात तयार झाली होती. का ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"आणि लॉकरची कटकट नको," पुनम बॅगेची चेन ओढत म्हणाली. "आत्या आहेत. सावलीत बसतील सामानाजवळ."

कुसुमताईचा हात लसणावर थांबला. "म्हंजे मला राखणीला नेताय व्हय?"

"तसं नाही हो. पण पाण्यात तुम्ही कशा येणार? सुती कपडे चालत नाहीत तिथं. ही बघा पाटी."

मोबाईलवर पाटीचा फोटो होता. कुसुमताई चौथी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं. 'सुती कपडे घालून पाण्यात उतरू नये. फक्त नायलॉन.' परत एकदा वाचलं. साडीबद्दल पाटीत एक अक्षर नव्हतं.

"बरं," ती म्हणाली आणि लसूण तिथंच टाकून उठली.

ट्रंकेच्या तळाला जांभळं, पिवळ्या फुलांचं नायलॉनचं पातळ होतं. भाऊ पिंपरीत कंपनीत लागला तेव्हा पहिल्या बोनसातून त्यानं आणलेलं. नेसलं की अंगाला चिकटायचं, चुलीची ठिणगी उडाली की भोक पडायचं. एवढं निकामी वस्त्र तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. गोधडीतही घातलं नाही, कारण सुईखालून सटकायचं. खात्रीसाठी तिनं काठाचा एक दोरा उपसून गॅसवर धरला. आकसून त्याचा काळा मणी झाला. सूत असतं तर राख झाली असती.

राहिला झंपर. तो सुतीच. मग तिनं रणजीतचा क्रिकेटचा टीशर्ट हुडकला, त्याचाही दोरा जाळला. मणी. ठीक.

जाता जाता पुनमनं नवऱ्यासाठी आणलेल्या नव्या, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीचाही दोरा तिनं ओढला. त्याची मात्र भुरभुर राख झाली. कुसुमताईनं राखेवर फुंकर मारली, चड्डीची नीट घडी घातली आणि बॅगेत होती तिथं ठेवून दिली.

पार्कात पाण्यात उतरायच्या पायऱ्यांवर गळ्यात शिट्टी लटकवलेला एक पोरगेला गार्ड उभा होता. त्यानं रणजीतला अडवलं.

"सर, कॉटन आहे. आत भाड्यानं कॉस्च्युम मिळेल."

"भाड्यानं?" रणजीतचा आवाज चढला. "दुसऱ्यानं घातलेली चड्डी मी घालू?"

"धुतलेल्या असतात, सर."

"धू न्हाईतर उकळ! चाकणपतूर टँकर फिरत्यात माझे. ऐकलं का, भावा? भाड्याची चड्डी घालत न्हाई आमी."

"मग बाहेर बसा, सर."

रणजीत तणतणत छत्रीखाली तीन बॅगांशेजारी जाऊन बसला. तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीतून कुसुमताई आली. भात लावणीला घालतात तसा पातळाचा आखूड, घट्ट कासोटा. वर टीशर्ट, पाठीवर 'रणजीत' आणि आकडा सात.

"आजी, साडी..."

"पाटी वाच."

"आजी, पण..."

"मोठ्यानं वाच की. शाळंत गेलास न्हवं?"

त्यानं वाचली.

"मग? नायलॉनच हाय. हात लाव. खोटं वाटलं तर काडी लाव."

मागं रांग तुंबली होती. रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. गार्ड बाजूला झाला.

आत पाणी कमरेएवढं. दोन-तीनशे माणसं त्यात उभी राहून लाटेची वाट बघत होती, आणि वीतभर लाट आली की किंचाळत होती. म्हशी तरी पाण्यात गप बसतात, असं कुसुमताईला वाटलं. पाण्याला औषधाचा वास. ती माणसांना ढकलत पार पलीकडं गेली. तिथं गळ्याएवढं लागलं. मग तिनं पाय सोडले आणि हात मारला.

शिट्टी वाजली. "आजी! इथं पोहायला परवानगी नाही!"

"मग पाणी कशाला भरलंय?"

"नुसतं उभं राहायचं!"

"उभी ऱ्हायला मला घरी जागा हाय!"

ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, वळली, उताणी पडून परत आली. गार्ड काठावरून शिट्टी फुंकत तिच्याबरोबर पळत होता. पाण्यात काही उतरला नाही. तीन खेपा झाल्यावर ती आपणहून थांबली. पुनम दोरीला धरून उभी होती, गळ्यात पिशवीतला मोबाईल, केस कोरडे.

"आत्या, तुम्हाला पोहता येतं?"

"तुज्या यादीत न्हवतं ते."

संध्याकाळी हॉटेलच्या गॅलरीत पातळ वाळत टाकलं, तर चहा होईस्तोवर खडखडीत. तेवढा एक गुण त्यात निघाला. रणजीत दिवसभर उन्हात बसून लाल झाला होता.

"आई, माझी चड्डी सुती हाय हे ठावं व्हतं न्हवं तुला?"

"दोरा जाळला व्हता मी."

"मग सांगायचं न्हाई?"

"सामानापाशी कुणीतरी बसाय पायजे व्हतं न्हवं?"

पुनम तोंड फिरवून हसली. ती दुसऱ्या दिवसाची बॅग भरत होती. कुसुमताईनं पातळाची घडी घातली, बॅगेत वरच असलेली मानेची उशी उचलून बाहेर काढली आणि तिच्या जागी पातळ ठेवलं.

"ही उशी रणजीतला दे," ती म्हणाली. "उद्याबी बसायचंय त्याला."