तिकांड्यासाठी अंधार

चंदगडच्या स्टँडवर एसटी सुटायच्या बेताला होती. भातकापणी उरकलेली, माझ्या पिशवीत दोन कापडं आणि आईनं भाजून दिलेल्या काजूबिया. खिडकीच्या गजाला धरून बाप म्हणाला, "कोल्हापुरात एकट्यानं जेवू नको. तिकांडं वर आलं की ताटावर बस. आमी बी तवाच बसतोय."

तिकांडं म्हणजे थंडीत सांजेला उगवणारे, एका ओळीतले तीन तारे. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आणि अडतही नव्हतं.

माझ्यागत गाव सोडलेल्यांनो, आणि मागं राहिलेल्यांनो, मी चौथी शिकलेला माणूस. लेथवर बोल्टांचे आटे पाडत जन्म काढला, मंगळवार पेठेत दोन खोल्या बांधल्या, कुणाच्या मिंध्यात राहिलो नाही. सुरुवातीला गच्चीवर ताट घेऊन बसायचो. मग पेठेत दिवे वाढले आणि तिकांडं पुसट होत गेलं. लेक म्हणाली, "आप्पा, मोबाईलवर बघा की." मोबाईलवर! त्या रागातच मी जुना कॅमेरा घेतला आणि पन्हाळ्यावर ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींत जाऊन बसलो.

तारे सरकतात, म्हणून कॅमेराही त्यांच्या चालीनं फिरवावा लागतो. लोक त्याचं यंत्र विकत आणतात. मी दोन फळ्या, एक बिजागरी आणि माझ्या हातचा आट्याचा रॉड जोडून ते घरीच केलं. पहिल्याच फोटोत तिकांड्याच्या खाली गुलाबी धूर उमटला, तेव्हा मी असा ओरडलो की शेजारच्याचा कॅमेरा हलला! त्या धुरात नवे तारे जन्मतात म्हणे. जन्मभर त्याच्याकडं बघत होतो आणि मला पत्ताच नव्हता!

मग एकच ध्यास. हे तिकांडं आमच्या खळ्यावरून टिपायचं. बाप जिथून बघायचा, तिथून.

यंदा काजूला मोहर आला आणि गावाकडं गेलतो. बघतो तर खळ्यासमोरच उंच खांब, वर चौफेर पांढरेफेक दिवे. आभाळ ताकासारखं झालेलं. धाकटा भाऊ परसू, त्याला म्हटलं, "ह्यो दिवा घटकाभर बंद करायला सांग."

"दादा, ह्या दिव्यापायी आमी पंचायतीचं उंबरं झिजवलं! तू पेठेच्या उजेडात ऱ्हायलास, आन आमाला अंधार करा म्हणतोस?"

बोलणं खोटं नव्हतं. पण मी हटणारा नाही. तडक सरपंचबाईंच्या दारात जाऊन बसलो. नवीन सून होऊन आलेली बाई, मला ओळखत नव्हती. म्हणाली, "पावणं, चहा घ्या. पर दिवा न्हाई बंद व्हायचा. गवा येतोय गावात."

पावणं! माझ्याच गावात! मी चहाला हात लावला नाही. "माझी नाळ त्या खळ्याच्या बांधाला पुरल्या, बाई. ह्यो फोटो न्हाई मिळाला तर परत ह्या गावात पाय ठेवणार न्हाई."

बोलून बसलो खरा. बोललेलं मी मोडत नाही, हे मला ठाऊक. आता गाव हातचं जातंय की काय!

तेवढ्यात आतून बाईंची सासू गरजली, "अगं, दे की त्येला अंधार! त्येचा बा तिकांडं बघून हाळी द्यायचा, तवा आमची ताटं पडायची."

बाईंनी सासूकडं बघितलं, मग माझ्याकडं. "घटकाभरच हां."

दिवा विझला आणि काय सांगू, आभाळ धाडकन अंगावर आलं! एवढे तारे की तिकांडं हुडकावं लागलं. कॅमेरा यंत्रावर बसवून बटण दाबलं, आणि सगळी गल्ली बॅटऱ्या घेऊन खळ्यात!

"आप्पा, दिसतंय न्हवं? उजेड दावू?" गर्दीतनं एकानं विचारलं.

परसू तर हातभर लांब बॅटरी घेऊन पळत आला. "दादा, अंधारात तुझं यंत्र कसं गावंल?"

"इझवा! इझवा समदं! उजेडच तर नगं हाय मला!"

"मग आमाला बोलीवलंस कशाला?"

"कुणी बोलीवलं?"

हसून हसून लोक बांधावर बसले. मग सगळ्यांनी बॅटऱ्या विझवल्या आणि दुसरा फोटो होईस्तोवर कुणी खोकलंसुद्धा नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गुलाबी धूर दिसला तशी सरपंचबाईंची म्हातारी सासू म्हणाली, "ह्ये रोज हितंच असतंय?"

"रोज."

"आन आमी वर न बघताच जेवतोय की रं!"

दोन फोटो आले. दुसरा चोख. पहिल्यात वर तिकांडं आणि खाली बॅटऱ्यांच्या वेड्यावाकड्या रेघा, सगळ्यांत जाड रेघ परसूची. पन्हाळ्याची मंडळी म्हणाली, "आप्पा, खालचं कापून टाका, वरचं झकास आलंय." मी चोख फोटो त्यांना देऊन टाकला. रेघांचा पेठेतल्या भिंतीवर लावलाय. तुमचं गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं, की मी त्या रेघांवर बोट ठेवतो.