पट्टीची गाठ

तारा गेली आणि मी देवापुढचा दिवा लावणं सोडलं. खोटं कशाला बोलू.

तारा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन गंगेकाठी रामघाटावर आले तेव्हा ती आठ वर्षांची, सासूबाई आधीच गेलेल्या. तिच्या वेण्या मीच घातल्या. मोठी होऊन ती फौजेत नर्स झाली. आमचं पुरोहिताचं घर, सासऱ्यांनी बोलणं टाकलं. ती सुट्टीला आली की त्यांच्या पायांना तेल चोळायची. "बाबा, बोलू नका, पण पाय तरी सरळ ठेवा," म्हणायची. मला अक्षरं तिनेच शिकवली, म्हणून एवढं लिहिते आहे. माझे मालक गेले, तिला पेन्शन झाली, मग आम्ही दोघीच. ती घाटाच्या पायरीवर बसून मल्लाहांच्या, नाववाल्यांच्या पायाच्या जखमा बांधायची. मी शेजारी पट्टी धरून. "वहिनी, गाठ जखमेवर येऊ द्यायची नाही. ओझ्याने सुटू नये, पण एक टोक उलटं ओढलं की सुटली पाहिजे." जमेपर्यंत ती मला उठू द्यायची नाही.

या श्रावणात ती लखनौला इस्पितळात वारली. अस्थी मडक्यात घालून आल्या. आमच्यात अस्थी घरात नेत नाहीत. घाटावरच्या पिंपळाला लोकांची मडकी टांगलेली असतात, त्यांतच मी तिचं टांगलं, तिच्याच पट्टीने. माझा हात पुरला त्या खालच्या फांदीला. तिने सांगून ठेवलं होतं, मला मधल्या धारेत सोड, काठावर नको. पण गंगेला बाढ, पूर आलेला, नावा बंद. शेजारचे गुरुजी म्हणाले, "काकू, काठावर सोडा. गंगा ती गंगाच." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं बघा." दहा दिवसांच्या आत व्हायला हवं होतं. मी हट्टाने बसून राहिले. देवावर राग होता, तो सगळ्यांवर काढत होते.

नवव्या दिवशी सकाळी गेले तर पायऱ्या नव्हत्याच. पिंपळाच्या बुंध्याला पाणी, खालची फांदी वीतभर वर. मडकी एकमेकांवर आपटत होती. एक माझ्या डोळ्यांदेखत फुटलं. कोणाचं, कळेना. सगळ्यांना लाल फडकं, आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी भिंत धरून पाण्यात उतरले. पाणी कमरेला लागलं, पाय सरकला. नावा बांधायची भिंतीतली कडी हाताला लागली म्हणून राहिले. "आता तूच बघ," एवढंच मनात आलं. देवाला म्हटलं की ताराला, ते आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून बाढवाल्यांची, पुरातून माणसं काढणाऱ्यांची, रबराची नाव आली. वर्दीतली एक मुलगी ओरडली, "अम्मा, पीछे! मरना है क्या?"

"हमारी ननद है उधर."

"किधर?"

"पेड़ पर."

ती बिचारी फांद्यांत बाई शोधायला लागली. मग मडकी दिसली तशी तिने नाव फांदीजवळ घ्यायला लावली. "कौन-सी है, अम्मा?"

"जिसमें पट्टी की गाँठ है."

तिने फांदीखाली हात घातला. पहिल्याच मडक्यावर तो थांबला. एक टोक उलटं ओढलं आणि गाठ सुटली. मडकं तिच्या हातात आलं. ते तिने छातीशी धरलं. "ये गाँठ तो हमको ट्रेनिंग में सिखाई थी. आपको कौन सिखाया?"

"यही," मी मडक्याकडे बोट केलं. "फौज में थी. बोलके गई है, बीच धार में छोड़ना."

तिने नाव चालवणाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दो मिनट. बस." मला काखेत धरून त्यांनी आत ओढलं, जॅकेट चढवलं आणि नाव मधल्या धारेत नेली. मंत्र मला येत नाहीत. मडकं पाण्याला टेकवलं, पण बोटं सुटेनात. नाव फिरत होती, तो मागून घाई करत होता. मुलीने माझ्या हाताखाली आपला हात धरला. "छोड़ दीजिए, अम्मा. हम पकड़े हैं." मग सुटलं.

मला घराच्या पायरीवर सोडून ती गेली. नाव विचारायचं राहिलं. तशीच ओलेत्याने गुरुजींकडे जाऊन मी हात जोडले. ते म्हणाले, "आधी कोरडं नेसा, काकू." दुपारी त्यांच्याबरोबर खिडकीतून पाहिलं, पिंपळाची ती फांदी पाण्याखाली गेली होती.

संध्याकाळी दिवा लावला. नऊ दिवस मी घट्ट धरून बसले होते, आणि म्हणत होते देव ऐकत नाही. ऐकायला मी त्याला जागा तरी कुठे ठेवली होती? आता हात जोडते तेव्हा काही मागत नाही. हात रिकामे आहेत, तेवढं दाखवते.