पहिल्या वेळी एकच गोळी

आज दुपारी इथे जर्मनीत, हॅनोव्हरच्या नेमबाजी क्लबात विवेकच्या लॉकरची किल्ली परत द्यायला गेले. माझा नवरा तिथे नवख्यांना शिकवायचा. त्याला जाऊन तीन महिने झाले.

आत केतकी नावाची पुण्याची विद्यार्थिनी पहिल्यांदाच मोठं मॅग्नम रिव्हॉल्व्हर चालवणार होती. नवा प्रशिक्षक योनास त्यात सहा गोळ्या भरत होता. मी कधी बंदूक हातात धरलेली नाही, तरी बोलले, "एकच भर. विवेक पहिल्यांदा एकच द्यायचा."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत त्याने पाच काढल्या.

"काकू, एका गोळीसाठी एवढ्या लांब आले का मी?" केतकी हसली.

बार उडाला. धक्क्याने नळी छताकडे गेली आणि घाबरून तिचं बोट चापावर पुन्हा दाबलं गेलं. नुसता टक् आवाज झाला; आत दुसरी गोळीच नव्हती.

केतकी पांढरीफटक पडली. "काकू, मी मुद्दाम नाही दाबलं."

"माहीत आहे गं. पहिल्यांदा होतं असं."

विवेक हे जेवताना कितीदा सांगायचा. "पुरे की आता," मी म्हणायचे. मी ऐकत होते, हे त्याला कधी कळलंच नाही.

तुमच्या घरी कोणी आपल्या कामाचं तेच तेच सांगतं का? तुम्ही ऐकताय, हे त्यांना माहीत आहे?