पौर्णिमेची दुहेरी नोंद

"रिपोर्ट चुकला" असं कोणी म्हटलं की देवीदास इंगळ्यांची कानशिलं तापत. एका विमा कंपनीचं जुनं मोठं संगणकयंत्र, मेनफ्रेम, अकोल्यात होतं. त्याच्या डिस्कवर किती जागा भरली याचं माप तिथं रोज सकाळी सहाला घेतलं जाई आणि त्यावरून अमरावतीच्या ऑफिसात देवीदास रिपोर्ट काढत. अठरा वर्षं त्यांनी हा रिपोर्ट पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. आणि आता त्यात मधूनच एखाद्या दिवशी जागा दुप्पट भरलेली दिसू लागली! या हिशेबानं डिस्क दिवाळीपर्यंत संपणार होत्या.

साहेबीण प्रतीक्षा मॅडम सरळ बोलल्या, "देवीदासभाऊ, शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर हा रिपोर्ट पुण्याच्या ऑफिसला द्यावा लागेल."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. रिपोर्टच गेला तर इथं नुसती खुर्ची उबवायला यायचं का, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना. दोन दिवस त्यांनी यंत्राला मनसोक्त शिव्या घातल्या. गुरुवारी मात्र दुप्पट आलेल्या सहा तारखा कागदावर उतरवल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. सहाही दिवशी पौर्णिमा!

अकोल्यात माप घेणारे खुशालराव देवीदासांचे जुने दोस्त. गेले सहा महिने ते दर पौर्णिमेला आईला रिद्धपूरला देवदर्शनाला नेत. त्या गडबडीत बिचाऱ्याचं काम राहून जाईल म्हणून देवीदासच इथून माप घेणारा प्रोग्राम गुपचूप चालवत होते. त्यांनी फोन लावला.

"खुशाल, पौर्णिमेचं माप तू घेत नाही ना?"

"घेतो ना! आदल्या दिवशी वेळ लावून ठेवतो, सहाले आपोआप चालते. तुले कायले तरास द्याचा?"

"अन् मी इकडून चालवून राहिलो ना बे!"

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू तरी कुठं सांगतलं?"

एकाच दिवसाची दोन मापं, आणि रिपोर्ट दोन्हींची बेरीज करत होता! दोघंही हसले. मॅडमसमोर मात्र हसू आलं नाही. चूक आपलीच, हे देवीदासांनी स्वच्छ कबूल केलं आणि तिथंच उपायही मांडला. माप रोजच ठरल्या वेळी आपोआप घेतलं जाईल. नोंद करण्याआधी प्रोग्राम बघेल, की या डिस्कची या तारखेची नोंद आधीच आहे का. असली तर दुसरी घेणारच नाही. जुन्या दुहेरी नोंदी काढल्यावर दिसलं, डिस्क अजून तीन वर्षं पुरणार होत्या.

"रिपोर्ट तुमच्याकडेच राहील," मॅडम म्हणाल्या. देवीदासांचे डोळे भरून आले. येणारच की!

पुढच्या पौर्णिमेला ते चक्क रजा टाकून, खुशालरावांबरोबर रिद्धपूरला जायला अमरावतीच्या स्टँडसमोर उभे राहिले. सहा वाजून पाच मिनिटांनी मोबाइलवर प्रोग्रामचा निरोप आला, प्रत्येक डिस्कची एकच नोंद. तेवढ्यात खुशालरावांची गाडी येऊन थांबली. आत बसलेल्या त्यांच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, सरकून जागा केली.

"माह्या पोराचं काम इतके दिवस तूच करून राहिला होता ना? ये आता, माह्याजोळ बस."