शेवटच्या घरापर्यंत पाणी

मायाप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तुम्ही असाल की नाही तेही मला ठाऊक नाही. तरी लिहिते. तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते. बाकीच्यांनी बाजूला उभं राहून ऐकावी.

बत्तीस साली मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन सोलापुरात मुलींच्या शाळेवर आले आणि गिरणीच्या चाळीमागं खोली घेतली. तुम्ही गिरणीत नळ जोडणारे फिटर. कुंभारीच्या माळावर मेंढरांमागं वाढलेले, थोरल्या भावाशी भांडून शहरात आलेले. हातात पाना असला की पाटलासारखं चालायचात. नम्रपणा तुमच्या घराण्यातच नव्हता.

गिरणीच्या टाकीपासून चाळीच्या टोकापर्यंत तुम्ही एक इंची नळ टाकलात. मुकादमासकट पुढच्या दारांना पाणी झालं, शेवटच्या ओळीत नुसतं ठिबकत राहिलं. टोकाचं घर निंगव्वाचं. दिवसभर गिरणीत सुताच्या कांड्या भरून ती घागर घेऊन विहिरीला जायची. बाई अक्कलकोटकडची, जीभ तिखट. भर चाळीत तुम्हाला म्हणाली, "मायाप्पा, तुझं पाणी मुकादमाच्या दारातच म्हातारं होतंय की."

झालं. तुम्ही बिरोबाचा भंडारा उचललात. शेवटच्या घरात घागर भरेपर्यंत डोक्याला पटका बांधणार नाही म्हणालात. भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द धनगराला मागं घेता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. बोडक्या डोक्यानं गिरणीत निघालात की लोक विचारायचे, घरात कोण गेलं? तुम्ही शिव्या द्यायचात.

आणि मग तुम्ही काय केलंत, तर टोकाकडचा निम्मा नळ उखडून तिथं अर्ध्या इंचाचा टाकलात. ठिबकणंही बंद. मी विचारलं, तर मलाच शिकवायला लागलात. मेंढरं रुंद वाटेनं रेंगाळतात, अरुंद वाटेला लावली की पळतात; पाण्याचंही तसंच. माझं डोकं फिरलं. पाटी घेऊन बसले. पाणी नळाला आतून घासत जातं, त्यात त्याचा जोर जिरतो. नळ जितका लांब, तितका जास्त. नळाचं तोंड निम्मं केलं, तर तेवढंच पाणी न्यायला तिसेक पट जोर लागतो. तुम्ही पाटीकडं बघितलंही नाहीत. पुस्तकातलं पाणी तसलं असेल म्हणालात.

तुमची कस्तुराबाई उंबऱ्यात भाकरीचं पीठ चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "वाडग्यात कोंडताना तोंडाशी पळत्यात मेंढरं. कोसभर बोळातनं न्ह्या की. अंगं घासून मागली हितंच बसत्यात."

तुम्ही पाना उचललात आणि अर्ध्या इंचाचा नळ उखडायला गेलात.

जाड नळ गिरणीत नवा मिळेना. बॉयलरखान्यामागं वाफेचे जुने दोन इंची पाईप गंजत पडले होते. भंगार जोडायला तुम्हाला लाज वाटत होती, पण साहेबाला विचारून आणलेत, आतला गंज खरवडलात, टाकीपासून टोकापर्यंत तेच जोडलेत. निंगव्वाची घागर सावकाश भरली, पण काठोकाठ भरली. चाळ जमली होती. कस्तुराबाई घडी केलेला पटका घेऊन आली.

तुम्ही हात पुढं केला नाहीत. चाळीच्या पलीकडं त्याच महिन्यात पत्र्याच्या चार झोपड्या उठल्या होत्या. तिकडं बोट दाखवून म्हणालात, "शेवटचं घर आता त्ये हाय."

निंगव्वा उसळली. शब्द तिच्या घराचा होता, तिची घागर भरली, मग हे काय नवीन? चाळही तेच म्हणाली, मीही तेच म्हणाले. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत.

"भंडारा उचलताना निंगव्वाचं नाव न्हवतं घेतलं, बाई. शेवटचं घर म्हनलो हुतो. बिरोबाला मापात फशिवू व्हय?"

कस्तुराबाईनं पटका परत घरात नेला. तिच्या तोंडाकडं बघवेना.

मग तुम्ही आपण होऊन माझ्याकडं आलात. पहिल्यांदाच. झोपड्यांपर्यंत न्यायचं तर हाच नळ पुरेल की अजून जाड लागेल, असं विचारलंत. मी म्हटलं, आधी अंतर सांगा. पावलांचा अंदाज मला नको. रविवारी दोघांनी दोरी घेऊन जायचं आणि टाकीपासून झोपड्यांपर्यंत मोजायचं, असं ठरलं.

शनिवारी निरोप आला. अकलूजकडं साखरेचा नवा कारखाना उभा राहत होता, वाफेचे नळ जोडायला फिटर हवे होते. गिरणीनं तुम्हाला त्याच रात्री धाडलं. कस्तुराबाईही गेली. दोरी मी बोहऱ्याच्या दुकानातून आणून ठेवली होती. ते अंतर आपण मोजलंच नाही.