बाबांच्या तोंडातलं तीर्थ

बाबा गेल्यापासून माझ्या आईला एकाच गोष्टीचा आधार होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "जाताजाता देवीचं तीर्थ तरी तोंडात गेलं त्यायच्या." अमरावतीच्या आमच्या घरी बाबा जेवून उठले आणि कोसळले, तेव्हा मी कामावर होते. त्यांना शुद्ध नव्हती, घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. आईने देवघरातलं तीर्थ आणून चमच्याने त्यांना पाजलं. पुढे अॅम्ब्युलन्स आली, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी कामावरून थेट दवाखान्यात पोचले होते. दारात अॅम्ब्युलन्समधल्या मुलीने बाबांना ज्या मायेने उतरवलं, ते माझ्या मनातून जाईना. मी एका छोट्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावण्याचं काम करते. दुखणं रोज पाहते, पण हात कधी लावला नव्हता. अकोल्याला इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डरचं, म्हणजे डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर रुग्णाला सांभाळण्याचं, प्रमाणपत्राचं प्रशिक्षण सुरू होतंय असं कळलं, तेव्हा वाटलं, ही वाट देवीनेच दाखवली. तशी मी देवीशी भांडणारी भक्त. नवरात्रात उपास धरीन आणि तिच्यापुढे बसून तिलाच चार शब्द सुनावीन. पण तेव्हा मुकाट्याने नाव घातलं आणि सुटीच्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जाऊ लागले.

रबरी पुतळ्याची छाती दाबून मनगटं भरून यायची, तरी मला तिथे बरं वाटायचं. मग एक दिवस बेशुद्ध माणसाचा धडा आला. आमचे सर म्हणाले, "बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही." त्याला गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत उतरतं. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडात आलेलं बाहेर पडतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आईच्या चमच्याचा विचार करत होते.

वर्ग सुटल्यावर मी सरांना दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून बाबांची हकीकत सांगितली आणि त्या पाण्याने काही झालं असेल का, असं विचारलं. ते म्हणाले, एवढा रक्तस्राव असेल तर बहुधा काहीच बदललं नसतं, पण खात्रीने कुणी सांगू शकणार नाही. त्या 'बहुधा'ने माझी झोप उडवली. आईला सांगावं तर तिच्याजवळ उरलेला एकुलता आधार मीच काढून घेणार. न सांगावं तर तिचं ते वाक्य रोज ऐकून घ्यावं लागणार. देवीचा तर भयंकर राग आला. तुझंच तीर्थ, तुझ्याच भक्तिणीने पाजलेलं, आणि ते चुकीचं होतं हे शिकायला मला पाठवलंस तेही तूच. मी दिवा लावत राहिले, पण तिच्याकडे बघणं सोडलं. शिकणंही सोडायचं ठरवलं. आता शिकून कुणासाठी, असं वाटे.

हा निश्चय करूनच मी अकोल्याहून परतत होते. समोरच्या बाकावर मोर्शीकडचं एक म्हातारं जोडपं होतं. मूर्तिजापूर मागे पडलं आणि तो म्हातारा बसल्या जागी कलंडून खाली आला. त्याच्या बायकोने पिशवीतून एक छोटी बाटली काढली आणि झाकण उघडलं. कुठल्याशा देवस्थानाचं तीर्थ होतं ते. मी तिचं मनगट धरलं. डब्यातला एक माणूस माझ्यावर खेकसला, "देवाच्या पाण्याले काहून अडवून राहिली बाई?" तोंडात नको, एवढंच मी म्हणाले. डोळ्यांपुढे आमचं घर, आमचे बाबा.

त्या माउलीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाटलीचं झाकण लावलं. "तुमी सांगा," ती म्हणाली, "मी काय करू?"

मी त्याचा श्वास पाहिला, तो चालू होता. तिला डोकं धरायला सांगून मी त्याला कुशीवर वळवलं. वळवते न वळवते तोच त्याला ओकारी झाली आणि सगळं बाहेर पडलं. उताणा असता तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं. बडनेरा येईपर्यंत त्याने डोळे उघडले. कुणीतरी फोन केला होता, स्टेशनवर माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती. उतरण्याआधी तिने बोटावर तीर्थ घेऊन नवऱ्याच्या कपाळाला लावलं. "पोटातच गेलं पायजे असं थोडीच हाय," ती मला म्हणाली. "देवाले समजते." ती दोघं पुढे कुठे गेली, मला ठाऊक नाही. एका अनोळखी बाईने देवाचं पाणी हातात असताना माझं ऐकलं, याला मी कृपाच म्हणते. त्या संध्याकाळी मी देवीकडे पाहिलं, आणि पुढच्या सुटीला पुन्हा अकोल्याला गेले.

प्रशिक्षण पूर्ण झालं. प्रमाणपत्र देवापुढे ठेवलं, तेव्हा आई म्हणाली, "काय शिकली ते दाखव तरी." मी सतरंजीवर उताणी पडले. माझा एक हात बाजूला, दुसरा गालाखाली, गुडघा वाकवून आपल्याकडे ओढायचं, असं सांगत गेले आणि तिने मला कुशीवर वळवलं. तोंडातलं सारं बाहेर यावं म्हणून असं, हेही माझ्याकडून बोलून गेलं.

आईचा हात माझ्या खांद्यावरच राहिला. "तुह्या बाबाले मी उताणंच ठेवलं होतं," ती म्हणाली. "आन् वरून तीर्थ पाजलं."

एवढ्या रक्तस्रावात बहुधा काहीच बदललं नसतं असं आमचे सर म्हणाले, एवढंच मी पुटपुटले. ती बराच वेळ रडली. मीही रडले, तिच्याकडे तोंड करून, तशीच कुशीवर.

देवीच्या पायाशी दुःख ठेवलं की ते तिथेच राहतं, असं मी समजत होते. तसं होत नाही, ते आपल्याबरोबर घरी येतं. हे दुःख आमच्या घरात राहणार आहे आणि ते 'बहुधा'सुद्धा. पण आईपासून काय लपवावं हे ठरवण्याचा भार देवीने माझ्यावरून उतरवला, त्याबद्दल तिचे उपकार मानते. आता तिच्याशी भांडत नाही असं नाही, पण भांडून झाल्यावर तिचं ऐकून घेते.

आईने पदराने डोळे पुसले. "हात कुठं ठेवाचा ते मले नीट समजलं नाही," ती म्हणाली. "अजून एक डाव दाखव."

मी पुन्हा उताणी झाले आणि डोळे मिटले.