रिकामा डबा परत जात नाही

किस्से आणि दुसऱ्यांचे डबे, दोन्ही घरात कधी शिरतात ते कळत नाही. एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर येतात. हा कुणाचा, कोणत्या सणाला आला होता, आत काय होतं, काही आठवत नाही. आमच्याकडे डबा रिकामा परत करायची पद्धत नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. आमच्या ग्रुपचे किस्सेही असेच फिरतात आणि दर फेरीत थोडे भरून येतात.

ग्रुप म्हणजे ॲरिझोनातल्या चँडलरमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधली सहा मराठी घरं. शरदकाका, रिटायर्ड डॉक्टर, आमच्यापैकी बरेच जण जन्मायच्या आधी अमेरिकेत आलेले. वैशाली आणि मंदार, मूळ बार्शीचे. निखिल, एकटा जीव, मंदारच्याच चिप कंपनीत. मी मेधा, माझा नवरा आणि आमची मुलगी इरा. आणखी दोन घरं आहेत, पण ती फार शहाणी आहेत, त्यांचे किस्से होत नाहीत.

*

पहिल्या वर्षी आम्ही पाडव्याचं जेवण केटरिंगवाल्याकडून मागवलं. बिल भरताना सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. तरी एकमेकांना म्हणत होतो, "वर्थ इट यार, कन्व्हीनियन्स आहे."

शरदकाका शांतपणे जेवले, हात धुतले, आणि म्हणाले, "जेवण उत्तम होतं. सण कधी आहे?"

त्या दिवसापासून केटरिंग बंद. वैशालीने नियम केला: पैसे कमी असतील तर ताटातले पदार्थ कमी करायचे नाहीत, डोकं जास्त चालवायचं. तेव्हापासून आमच्या सणांची सूत्रं तिच्या हातात आहेत.

*

डोकं चालवणं म्हणजे काय, ते आम्हाला होळीला कळलं. इंडियन स्टोअरमध्ये गुळाचे भाव बघून मी म्हटलं, "या वेळी साखरेच्या पोळ्या करू." वैशाली मला गाडीत घालून मेक्सिकन दुकानात घेऊन गेली. तिथे कोथिंबीर, चिंच, केळीची पानं, सगळं निम्म्या भावात, आणि एका कोपऱ्यात शंकूच्या आकाराचा त्यांचा गूळ, पिलोनसियो.

आता शरदकाका कोल्हापूरचे. गुळाच्या बाबतीत ते सख्ख्या भावाचंही ऐकत नाहीत. आम्ही गुपचूप पुरण केलं, पोळ्या वाढल्या आणि श्वास रोखून बघत बसलो.

काकांनी अर्धी पोळी संपवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "कोल्हापूरहून कोण आलंय?"

त्यांना अजून कुणी खरं सांगितलेलं नाही.

*

पुरणपोळीच्या ताटात कुरडई हवी. विकतची कुरडई सोन्याच्या भावाने मिळते, आणि ॲरिझोनाचं ऊन फुकट. वैशालीने मे महिन्यात गव्हाचा चीक शिजवला आणि आमच्या तीन गाड्यांच्या बॉनेटवर प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या. दुपारपर्यंत कडकडीत.

तेवढ्यात कॉम्प्लेक्सचा मॅनेजर आला. तो म्हणाला, बाहेर लाँड्री वाळत घालायला परवानगी नाही. वैशाली घरात गेली, एक कुरडई तळून आणली, त्याच्या हातात दिली आणि इंग्लिशमध्ये विचारलं, "ही लाँड्री आहे का?"

त्याने ती तिथेच उभ्याने संपवली आणि निघून गेला. आम्हाला वाटलं, आता नोटीस येणार. नोटीस आली नाही. पुढच्या मे महिन्यात तोच येऊन सांगून गेला की बिल्डिंग चारच्या मागे दिवसभर सावली येत नाही.

*

निखिलला कुणी कधी काम सांगत नसे. एकदा त्यालाच वाईट वाटलं. मग वैशालीने त्याला सगळ्यात सोपं काम दिलं: हरभऱ्याची डाळ आणायची, शिजवून आणायची, बस्स.

निखिल भलं मोठं पातेलं घेऊन आला. झाकण काढलं तर आत पिवळं सूप. त्याला म्हटलं, "ही कुठली डाळ?" तो म्हणाला, "ताई, सेलवर होती. पिवळी होती, अर्धी होती, सेम दिसते यार."

ते सोललेले वाटाणे होते, आणि त्याने कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नव्हत्या. पुरण होणं शक्यच नव्हतं, आणि माणसं तासाभरात येणार होती. निखिल रडवेला झाला. वैशालीने त्यात आमटीचा मसाला, चिंच आणि मेक्सिकन गूळ घालून खमंग फोडणी दिली, आणि पंगतीला जाहीर केलं, "आज कट फार सुंदर पडलाय. पोळ्या पुढच्या सणाला."

लोक वाट्या मागून मागून प्यायले. त्या दिवसापासून निखिल तिच्या शब्दाबाहेर नाही.

*

एका वर्षी आम्ही कागदी ताटं आणली, खणांची, स्वस्तात मिळाली म्हणून. वैशालीला ती पसंत नव्हती. "या ताटाला डावी-उजवी बाजूच नाही," म्हणाली.

माझ्या इराने आजवर मला मराठीत उत्तर दिलेलं नाही. पण ती वाढायला उभी राहिली आणि मंदारने चटणी उजवीकडे घेतल्यावर त्याच्यावर ओरडली, "काका, नो! चटणी लेफ्ट, भाजी राइट, सॉल्ट टॉपला! हू रेज्ड यू?"

मंदारची आई व्हिडिओ कॉलवर होती. ती बार्शीहून म्हणाली, "मी सांगून थकले, बाई."

*

गेल्या उन्हाळ्यात मंदारची नोकरी गेली. त्याने कुणाला सांगितलं नाही, निखिलकडून आम्हाला कळलं. वैशालीला मदत कशी करायची हा मोठाच प्रश्न होता, कारण ती द्यायला नेहमी पुढे आणि घ्यायला कधीच नाही.

मी युक्ती केली. कणकेची मोठी पोती आणली आणि तिला म्हटलं, "अगं, चुकून मोठी आली, किडे होतील, अर्धी तू घे."

तिने घेतली. संध्याकाळी सहाही घरांत गरम पोळ्या पोचल्या.

मग नवरात्र आलं. तिच्या घरी भवानीचं ठाणं आहे, आणि दर नवमीला आम्ही सगळे तिच्याकडे पुरणावरणाचं जेवतो. या वेळी तिने सांगितलं, "यंदा घरच्यापुरताच नैवेद्य करते." एवढंच बोलली, पण तिचा चेहरा मला बघवला नाही. ताटातला पदार्थ कमी करायचा नाही, हा तिचाच नियम होता, आणि त्या वर्षी तीच ताटं कमी करत होती.

शरदकाका तिच्याकडे गेले. मी होतेच तिथे. ते म्हणाले, "तुमच्याकडे जोगवा मागायची पद्धत असेल ना? पाच घरी मागायचा आणि त्या शिध्याचा नैवेद्य करायचा."

"आहे," वैशाली म्हणाली. "सासूबाई मागतात. घरात धान्याची पोती असायची, तरी परडी घेऊन जायच्या. मी इथे कधी मागितला नाही."

"का?"

"लाज वाटते, काका."

"बरोबर आहे. ती जावी म्हणूनच मागायचा असतो."

वैशालीने चहा टाकला. आम्ही चहा पिऊन निघालो. ती मागेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती बाहेर पडली. ठेवणीतली साडी, कपाळावर मळवट, आणि परडी म्हणून मेक्सिकन दुकानातली टॉर्टियाची टोपली, हळदीकुंकू लावलेली. पहिलं दार काकांचं. काकांनी डाळीची आख्खी पिशवी टोपलीत ठेवली. ती म्हणाली, "काका, जोगवा मूठभर असतो."

काका म्हणाले, "मूठभरच आहे. तुझी देवी अष्टभुजा आहे, मी आठही मुठी धरल्या."

हे काकांनी नंतर प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलं. पण त्यांचं ते वाक्य फोनवरून पुढच्या प्रत्येक दारात तिच्या आधी पोचलं होतं. आमचं दार शेवटचं. मी उघडलं तर समोर वैशाली, टोपली छातीशी धरलेली, आणि मागे मंदार, राहिलेलं सामान लाँड्री बास्केटमध्ये घेऊन. ती ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जोगवा वाढा."

इराने ओंजळ भरून गूळ घातला. नवमीला नेहमीएवढीच पंगत बसली. मला आमच्या या सहा घरांचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःच्या डिग्रीचाही कधी वाटलेला नाही.

*

मंदारला डिसेंबरात दुसरी नोकरी लागली, पहिलीपेक्षा चांगली. सगळं रुळावर आलं. यंदाच्या उन्हाळ्यात कपात निखिलच्या टीमपर्यंत पोचली. तो हसून म्हणाला, "चिल आहे, ताई, मिळेल दुसरी," आणि आमच्याकडे जेवायला यायचा बंद झाला. बोलावलं की म्हणायचा, "जेवून आलोय."

नवरात्रातल्या शुक्रवारी बेल वाजली. दारात वैशाली, नवी साडी, मळवट, हातात तीच टोपली. मी बघतच राहिले. मंदारचा पगार सुरू होता, घर भरलेलं होतं.

"जोगवा वाढा," ती म्हणाली, आणि बाजूला सरकली. तिच्या मागे निखिल उभा होता, कुर्ता घालून, कानापर्यंत लाल झालेला. त्याच्याही हातात टोपली होती.

"ताई, मी सांगत होतो हिला," तो पुटपुटला, "आमचं कुलदैवत खंडोबा आहे."

"खंडोबाच्या नावानेही पाच घरी वारी मागतातच," वैशाली म्हणाली. "आणि मेधा, याला डाळ तू तुझ्या हाताने घाल. हा परत वाटाणा उचलेल."